पाचवीतून चौथीत

मागच्या वर्षी सप्टेंबरात चिरंजिवांचा कॅलिफोर्नियाहून फोन आला. तब्येत, पाऊस आणि कामवाल्या बाईंची रजा हे नित्याचे तीन विषय संपल्यावर मी नातीची चौकशी केली.

"यंदा कितवीत गेली?"

"चौथीत."

"आणि गेल्या वर्षी कितवीत होती?"

"पाचवीत."

मी काही बोललो नाही. आमच्या घराण्याला नापास होण्याचं वावडं नाही. माझे धाकटे काका मॅट्रिकला तीनदा बसले होते. पण मॅट्रिकला गटांगळी खाल्ली म्हणून त्यांनाही कोणी खालच्या वर्गात ढकललं नव्हतं. नापास झालेला मुलगा आहे तिथेच बसतो, एवढी माणुसकी आपल्याकडे आहे. शिवाय नात तेरा वर्षांची. तेराव्या वर्षी चौथीत! दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "हुशार आहे हो पोर. पुढच्या वर्षी जाईल पाचवीत परत."

पुढच्या वर्षी ती तिसरीत जाणार होती, हे आम्हाला कुठे ठाऊक!

उलगडा झाला तो आम्ही सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्यावर. आमची नातवंडं बे एरियातल्या एका फ्रेंच-इंग्रजी द्विभाषिक शाळेत जातात. बालवर्गापासून बारावीपर्यंत एकाच छपराखाली दोन भाषा, दोन अभ्यासक्रम आणि दोन प्रकारच्या बाई. आणि फ्रेंच लोक इयत्ता उलट्या मोजतात. प्राथमिक शाळा संपली की मूल सहावीत जातं. तिथून पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली आणि सगळ्यात शेवटी 'तेरमिनाल'. म्हणजे स्वारगेट. तिथे सगळ्यांनी उतरायचं.

गंमत म्हणजे अमेरिकन सहावी आणि फ्रेंच सहावी एकच. त्या वर्षी दोन्ही गाड्या एका फलाटावर येतात आणि तिथून विरुद्ध दिशांना सुटतात. अमेरिकन सातवी ही फ्रेंच पाचवी, आठवी ही चौथी, नववी ही तिसरी. दोन्ही इयत्तांची बेरीज केली की नेहमी बारा भरतात. मी हा शोध मोठ्या अभिमानाने जेवणाच्या टेबलावर सांगितला. नात म्हणाली, "आजोबा, ते सगळ्यांना माहितीये."

सहावीच्या खाली तर आकडेच चालत नाहीत. तिथे 'सेपे', 'सेए अं', 'सेएम द' अशी आद्याक्षरं असतात, सरकारी कचेरीतल्या टेबलांसारखी. त्याच्याही खाली तीन, चार आणि पाच वर्षांच्या पोरांची 'मातेरनेल'. तिच्यात लहान, मधला आणि मोठा असे तीन वर्ग, अमृततुल्यातल्या चहाच्या मापांसारखे. खुद्द फ्रान्समध्ये २०१९पासून तिसऱ्या वर्षीच शिक्षण सक्तीचं झालं आहे. तीन वर्षांचा असताना मी अंगणात माती खात होतो आणि त्यात कुणाची सक्ती नव्हती.

आमचा धाकटा नातू सहा वर्षांचा. म्हणजे 'सेपे'त. त्याच्या वर्गाचं वेळापत्रक असं: सोमवारी आणि बुधवारी इंग्रजी, मंगळवारी आणि गुरुवारी फ्रेंच, शुक्रवार अर्धा-अर्धा. दोन भाषांना दोन वेगळ्या बाई. पोराची पाठ्यपुस्तकं बदलतात हे मी समजू शकतो. पण इथे वारानुसार पोरच बदलतं.

सोमवारी तो घरी येतो तो हवेत. इंग्रजीच्या बाईंनी त्याला 'आठवड्याचा तारा' केलेलं असतं. कशाबद्दल? तर त्याने खडू जागेवर ठेवला म्हणून. त्या बाई त्याच्या प्रत्येक चित्रापुढे दिपून जातात. त्याने काढलेला हत्ती मी पाहिला आहे. तो हत्ती आहे हे हत्तीलाही पटवून द्यावं लागलं असतं. तरी त्यावर सोनेरी चांदणी होती आणि खाली तीन उद्गारचिन्हं होती.

मंगळवारी तोच मुलगा तोच हत्ती फ्रेंच बाईंना दाखवतो. त्या चष्मा खाली घेऊन पाहतात, ओठ किंचित पुढे काढतात आणि म्हणतात, "पा माल." शब्दशः अर्थ, 'वाईट नाही.'

यावरून घरात मोठा पेच झाला होता. सूनबाई हळवी आहे. ती म्हणाली, "बाबा, पोराला किती लागत असेल! एवढा मन लावून काढलेला हत्ती, आणि नुसतं 'वाईट नाही'?"

मी मात्र खुर्चीत सावरून बसलो. सातासमुद्रापलीकडे मला माझ्या गावचं माणूस भेटलं होतं. पुण्यात उभी हयात गेली माझी. आमच्याकडे भीमसेन अण्णांची मैफल ऐकून बाहेर पडणारा माणूसही "आज बरे गायले" एवढंच म्हणायचा. त्याहून जास्त म्हणणारा बाहेरगावचा समजावा. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात दोनदा 'बरं आहे' म्हटलं. एकदा मला नोकरी लागली तेव्हा, आणि एकदा मी चकली खाऊ घातली तेव्हा. दुसऱ्या वेळचं चकलीला होतं, हे मला नंतर कळलं.

मग मी त्या शाळेकडे जरा नीट पाहायला लागलो, आणि चकितच झालो. चिरंजिवांनी 'जागतिक नागरिक' घडवण्यासाठी, 'मेंदूच्या विकासासाठी' आणि आणखी कसकशासाठी पोरांना तिथे घातलं होतं. प्रत्यक्षात फ्रेंच दिवशी तिथे भरत होती ती १९६०च्या दशकातली आमची शाळा!

पहिला पुरावा म्हणजे 'दिक्ते'. बाई सावकाश उतारा वाचतात, मुलं लिहून घेतात, चुकांना मार्क कापतात. हे आमचं शुद्धलेखन! त्यात फ्रेंच भाषा म्हणजे शुद्धलेखनासाठीच जन्माला आलेली. 'पाणी' या शब्दाचं अनेकवचन चार अक्षरं लावून लिहितात आणि उच्चारतात नुसतं 'ओ'. बाकीची अक्षरं लग्नातल्या मानाच्या पाहुण्यांसारखी: काम काही नाही, पण आमंत्रण चुकलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. आपण इतकी वर्षं पहिली वेलांटी की दुसरी एवढ्यावरून भांडत आलो. ते भांडण किती किरकोळ होतं, हे मला त्या वहीने शिकवलं.

दुसरा पुरावा म्हणजे ती वही. फ्रेंच मुलांच्या वह्यांना एक खास आखणी असते. उभ्या रेघांचे मोठे चौकोन आणि त्यांच्या पोटात बारीक आडव्या रेघा. सेयेस नावाच्या एका पुस्तक-वह्यावाल्याने १८९२मध्ये तिची नोंदणी केली, आणि तेव्हापासून फ्रेंच पोरं त्याच रेघांत अक्षरं वळवत आहेत. अक्षरंही सुटी नव्हेत, पहिल्या वर्षापासून जोडून लिहायची. कुठलं अक्षर कितव्या रेघेपर्यंत चढवायचं, याचे नियम ठरलेले. नातवाची वही बघताना मला आमची दुरेघी आठवली आणि उजव्या हाताची बोटं आपोआप दुखायला लागली.

तिसरा पुरावा पाठांतराचा. एका संध्याकाळी नात डोळे मिटून, हात मागे बांधून, घडाघडा काहीतरी म्हणत होती. लबाड कोल्ह्याची आणि कावळ्याची गोष्ट, ला फोंतेनची. आपल्या कावळ्याच्या चोचीत पुरी असते, त्यांच्या कावळ्याच्या चोचीत चीज. बाकी कोल्हा तोच. हा ला फोंतेन म्हणजे फ्रेंचांचा सतराव्या शतकातला पंचतंत्रकार. नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. १६७८ साली त्याने आपल्या गोष्टींचा दुसरा संग्रह काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबुली दिली की यातल्या बऱ्याचशा गोष्टी पिलपे नावाच्या एका भारतीय ऋषीच्या आहेत. पिलपे म्हणजे आपल्याच पंचतंत्राचा अरबी-फारसीतून फिरत फिरत गेलेला कर्ता. कोल्हे, माकडं, कासवं पंचतंत्रातून निघून इराण-फ्रान्समार्गे कॅलिफोर्नियात पोचली आणि आमच्या नातीला फीसकट परत मिळाली.

फीचं म्हणाल तर वर्षाला ४० हजार डॉलरच्या घरात. एका मुलाची. आकडा ऐकल्यावर मी पाणी मागितलं. आमच्या शाळेत शुद्धलेखन, पाठांतर, चारचौघांत अपमान आणि 'बरं आहे' हे सगळं फीमाफीत मिळत होतं. वर अधूनमधून छडीही होती आणि तिचे वेगळे पैसे घेत नसत. आम्ही ते सगळं जुनाट म्हणून मोडीत काढलं. आता आमचीच मुलं तेच सामान परदेशात, दुसऱ्या भाषेत, डॉलर मोजून विकत घेत आहेत. आपण पितळी भांडी भंगारवाल्याला द्यावीत आणि सुनेने तीच 'अँटिक' म्हणून प्रदर्शनातून आणावीत, तसला प्रकार.

पण फीतून एक पळवाट आहे. फ्रेंच लोक दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. साडेतीन लिहायचे तर ३,५. म्हणजे सोमवारी जे ४०,००० चाळीस हजार म्हणून वाचतात, तेच मंगळवारी नुसते चाळीस होतात. चिरंजीव फी मंगळवारी का भरत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

सूनबाईंची या शाळेवर भक्ती असण्याचं कारण पुण्यातच आहे. पुण्यात अकरावी-बारावीला फ्रेंच ही भाषा नसते, तो मार्क मिळवून देणारा विषय असतो. मराठीत पैकीच्या पैकी कोणी देत नाही, फ्रेंचमध्ये देतात. तेव्हा मातृभाषेला नमस्कार करून सूनबाईंनी फ्रेंच घेतलं आणि शंभरात ९२ मिळवले. लग्नानंतर दोघं पॅरिसला गेली, तेव्हा तिला हॉटेलात पाणी मागता आलं नाही. अपूर्ण भूतकाळातली सगळी रूपं पाठ होती, पण तहान वर्तमानकाळात लागली होती. "माझ्या मुलांचं असं होऊ द्यायचं नाही," असं तिने तिथेच ठरवलं.

फ्रेंच आईबापांचं कारण वेगळं. फ्रान्सबाहेर अशा मान्यताप्राप्त शाळा १३०हून अधिक देशांत ५००च्या वर आहेत. पाँडिचेरीत तर १८२६पासून आहे. सगळीकडे अभ्यासक्रम एकच. बापाची बदली झाली की पोराला आज सॅन फ्रान्सिस्कोतून उचलायचं आणि उद्या टोकियोत बसवायचं. धडा तिथेच चालू असतो. फ्रान्सचा कोणी एक जुना शिक्षणमंत्री म्हणे घड्याळ बघून सांगायचा की या क्षणी देशभरातली अमुक वयाची मुलं कुठलं पान वाचत आहेत. आख्यायिका असेल, पण ज्याने चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत एकच बालभारती पाहिली आहे, त्याला ती परकी वाटणार नाही.

या सगळ्यात मराठीचं काय, असा प्रश्न पडेल. तर मराठी आमच्या नातवाला येते, पण ती फ्रेंच दारातून आत येते. फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी. त्यामुळे एका रात्री तो गच्चीतून ओरडला, "आजोबा, ती चंद्र बघा!" चांदोमामाची एका वाक्यात मावशी झाली. टेबल तर बिचारं सोमवारी कुणीच नसतं, मंगळवारी बाई होतं, आणि आमच्याशी बोलताना 'ते' व्हावं लागतं. पण 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक समजावताना फ्रेंच बाईंना अमेरिकन मुलांपुढे म्हणे आठवडे जातात. आमच्या पठ्ठ्याला तो आधीच ठाऊक. त्याने वर्गात सांगितलं, "आई बाबांना 'अरे' म्हणते, आजी आजोबांना 'अहो' म्हणते आणि आजोबा कुणालाच ऐकू येत नाही असं बोलतात."

आणि सौ.? सौ.चं मी काय सांगू! तिचं माहेर गुहागरचं. लग्न झाल्यापासून मी तिच्या नाकातल्या बोलण्याची चेष्टा करत आलो. फ्रेंचमध्ये नाकातले चार स्वर आहेत आणि ते जमावेत म्हणून जगभरचे लोक क्लास लावतात. शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता, तेव्हा फ्रेंच बाईंनी सगळ्यांकडून 'बोंझूर' म्हणून घेतलं. अमेरिकन आज्या नाक धरून प्रयत्न करत होत्या. सौ. एकदाच म्हणाली. बाईंनी मान वर केली आणि विचारलं, "मादाम, आपण फ्रान्समध्ये कुठे राहत होता?"

"गुहागरास," सौ. म्हणाली. तेव्हापासून ती मला विचारत नाही.

तिच्या मानाचा दुसरा तुरा दिवाळीतला. करंज्या झाल्यावर ती मोजत बसली होती. तिला लहानपणी तिच्या आजीने नारळ विसाविसाने मोजायला शिकवलं, ते अजून सुटलेलं नाही. "एक वीस, दोन विसा, तीन विसा, चार विसा... नि वर सतरा," असं म्हणून तिने डबा लावला. नातू शेजारी होता. तो ताडकन उठला.

"आजीला फ्रेंच येतं!"

झालं असं की फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव म्हणायचं तर 'कात्र-वँ-दी-सेत' म्हणतात. चार, वीस, दहा आणि सात. चार विसा नि सतरा! त्या आठवड्यात वर्गात तेच चाललं होतं आणि सगळी पोरं रडकुंडीला आली होती. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्यांनी कंटाळून नव्वदसाठी सरळ एक शब्द ठेवला आहे. फ्रान्स मात्र विसाच्या हिशेबाला चिकटून आहे. आपल्याकडे २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' छापलं, तेव्हा केवढा गहजब झाला होता. मीही वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. आता वाटतं, पत्राऐवजी गुहागरला विचारायला हवं होतं.

मार्कांचं तर बोलायलाच नको. फ्रेंच मार्क २०पैकी. दहाला पास. बाराला 'बरंच बरं', चौदाला 'चांगलं', सोळाला 'फार चांगलं'. त्यापुढे शब्द फारसे खर्च करत नाहीत. वीसपैकी वीस देवाला, एकोणीस मास्तरांना, विद्यार्थ्याने अठरावर समाधान मानावं, अशी त्यांच्यात जुनी म्हण आहे. नातीला इतिहासात चौदा मिळाले आणि प्रगतिपुस्तकात शेरा होता, 'आणखी चांगलं करू शकेल.' मी ते प्रगतिपुस्तक दोन्ही हातांत धरलं. चौदा म्हणजे सत्तर टक्के! मला १९७२ साली अकरावी मॅट्रिकला एकसष्ट टक्के पडले, तेव्हा वडिलांनी आळीभर पेढे वाटले होते. आणि शेरा शब्दाशब्दाने तोच होता. फक्त आमच्या सरांचं अक्षर वाईट होतं. आज पुण्यात पंच्याण्णव टक्के मिळालेली पोरं रडतात. चौदावर 'चांगलं' म्हणणारा माणूस पृथ्वीवर अजून शिल्लक आहे, हे बघून मला भरून आलं.

त्याच प्रगतिपुस्तकाच्या इंग्रजी बाजूला मात्र एकही आकडा नव्हता. 'ही वर्गाचा आनंद आहे' असं काहीतरी लिहिलं होतं. दोन्ही बाजू एकाच मुलीच्या, यावर विश्वास बसेना.

या प्रवासाचा शेवट कसा होतो, हे मी शेजारच्या फ्रेंच कुटुंबातल्या मुलात पाहिलं. तो तेरमिनालमध्ये होता. दारात दाढी वाढवून बसायचा. मला वाटलं प्रेमभंग. पण 'बाक' जवळ आली होती. ही परीक्षा नेपोलियनने १८०८मध्ये घालून दिली. तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते आणि ते दक्षिणा वाटत होते. नेपोलियन आणि बाजीराव दोघंही पुढे गादी गमावून बसले, पण परीक्षा टिकली. तिच्यात तत्त्वज्ञानाचा पेपर सक्तीचा. चार तास. २०२३मध्ये एक प्रश्न होता, सुख ही विवेकाची गोष्ट आहे का? सतरा-अठरा वर्षांच्या पोराने यावर चार तास लिहायचं! आमच्या कट्ट्यावर हाच विषय चाळीस वर्षं चालू आहे आणि अजून प्रस्तावनाच संपलेली नाही.

मी त्या मुलाला विचारलं, "मग तुझं मत काय?" तो म्हणाला, "सोमवारी हो. मंगळवारी नाही."

आमचा परतीचा दिवस जवळ आला. त्या संध्याकाळी नातू एक कागद घेऊन आला. सेयेसच्या रेघांचा. त्यावर त्याने जोडून-वळवून, अक्षरांच्या शेपट्या नेमक्या रेघेला टेकवत, मराठीत एक शब्द लिहिला होता: 'आजोब'. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आजीने ओवाळणीच्या पाकिटावर लिहिलेलं पाहून त्याने उतरवलं होतं.

सूनबाईने स्वयंपाकघरातून मला खूण केली. इकडे पोरांचं कौतुक कसं करतात, हे तिने मला सहा महिन्यांत अनेकदा शिकवलं होतं. भुवया वर न्यायच्या, हात पसरायचे आणि 'वाव' म्हणायचं. मी भुवया वर नेल्या. हातही थोडे पसरले. पण ऐन वेळी सत्तर वर्षांचं पुणं आडवं आलं आणि तोंडातून निघून गेलं, "बरं आहे."

सूनबाईने डोळे मिटून घेतले. नातू क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग कागद डोक्यावर नाचवत घरभर पळत सुटला, "आई, आजोबा म्हणाले पा माल! आजोबा म्हणाले पा माल!"

शेवटचा काना राहिला होता. पण तो सोमवार होता. चूक मी मंगळवारी दाखवली.